कापितानोचा चामडी मुखवटा

व्हेनिसच्या दुकानांत टांगलेले चकचकीत मुखवटे बहुतेक कागदाच्या लगद्याचे असतात. भिंतीवर छान दिसतात, पण तालमीत घामाने टिकत नाहीत. मला काम करायला मुखवटा हवा होता. तो व्हेनिसजवळच्या पादुआ शहरात एका छोट्या कार्यशाळेत मिळाला, 170 युरोंना. लाकडी साच्यावर ओलं चामडं ताणून ठोकत घडवायची ही रीत विसाव्या शतकात पादुआच्याच आम्लेतो सार्तोरींनी पुन्हा उभी केली, म्हणून खास तिथे गेले होते.

कापितानो म्हणजे कोमेदिया देल्लार्ते या सोळाव्या शतकात रुजलेल्या इटालियन मुखवटा-नाट्यातला बढाईखोर शिपाई. शंभर माणसं कापल्याच्या गोष्टी सांगतो आणि कोणी खरंच तलवार उपसली की शेपूट घालून पळतो. त्या काळी इटलीचा मोठा भाग स्पॅनिश सत्तेखाली होता. मातामोरोस, म्हणजे मूरांचा (उत्तर आफ्रिकेतून स्पेनमध्ये आलेल्या मुसलमानांचा) कर्दनकाळ, असली स्पॅनिश नावं लावणाऱ्या या कप्तानाला प्रेक्षक का हसत असतील ते सहज कळतं. फ्रांचेस्को आंद्रेइनीने ‘कापितान स्पाव्हेंतो’ गाजवला आणि त्याच्या वल्गना 1607 मध्ये छापल्या. हा नट स्वतः सैनिक होता, तुर्कांच्या कैदेत वर्षानुवर्षं राहिलेला. भीती म्हणजे काय, ते त्याला ठाऊक होतं. ही भूमिका नुसती टवाळी आहे असं मला म्हणूनच वाटत नाही.

आता मुखवट्याबद्दल. नाक बोटभर लांब, डोळ्यांची भोकं बारीक. बाजूचं काही दिसत नाही, त्यामुळे बघायला अख्खी मान वळवावी लागते आणि चाल आपोआप ताठ होते. हनुवटी वर केली की तोच चेहरा उर्मट दिसतो. दोन बोटं खाली आणली की भुवयांची सावली डोळ्यांवर पडते आणि समोर घाबरलेलं पोर उभं राहतं. तीन संध्याकाळी आरशासमोर मी एवढंच करत होते. शूर आणि भित्रा एकाच चामड्यात बसवणाऱ्या त्या हातांना माझा मनापासून नमस्कार.

मागचं इलॅस्टिक मात्र पहिल्याच तालमीत सैल झालं. मी चामड्याची वादी लावून घेतली. एवढ्या किमतीत ती आधीच हवी होती.

घेताना मुखवटा चढवून दोन वाक्यं मोठ्याने बोलून बघा. वरचा ओठ मोकळा राहिला पाहिजे, नाहीतर कप्तानाच्या बढाया शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नाहीत.