मोइना की डाफ्निया मॅग्ना?

परभणीचा मित्र विचारतोय, मत्स्यबीजाला खाऊ घालायला टाकीत मोइना वाढवू की डाफ्निया मॅग्ना? दोन्ही पाण्यातले इवलेसे कवचधारी जीव.

आकार आधी बघा. मोइना जेमतेम दीड मिलिमीटर, मॅग्ना 5 मिलिमीटरपर्यंत. पण पाणी तापलं की दोघी लवकर वयात येतात, अंगाची वाढ मात्र तेवढा वेग धरत नाही. म्हणून ऐन उन्हाळ्यातली अंडी धरलेली मादी थंडीतल्यापेक्षा बारीक असते. भिंगाखाली पाहा, पाठीच्या पिशवीत अंडीही कमी भरतात.

उष्णता हाच आपल्याकडे खरा प्रश्न. मॅग्नाला 20 अंशांच्या आसपासचं पाणी मानवतं. 30 अंशांत मोइना टिकते, मॅग्ना ढासळते. खाद्य दोघींना सारखंच, हिरवं पाणी, म्हणजे सूक्ष्म शेवाळ वाढलेलं पाणी.

बारीक जिऱ्यांना, म्हणजे माशांच्या अगदी लहान पिल्लांना, मोइनाच, तोंडात मावते. बोटुकल्यांना, म्हणजे बोटाएवढ्या झालेल्या पिल्लांना, थंडीत मॅग्ना द्या. एप्रिल-मे महिन्यात मॅग्नाचा हट्ट नको.