घरचा जेरार्ड, परदेशातला मॉड्रिच

फुटबॉलमधल्या मिडफिल्डरने, म्हणजे मधल्या फळीतल्या खेळाडूने, घरच्याच क्लबात राहावं की परदेश गाठावा? इंग्लंडच्या स्टीव्हन जेरार्डने लंडनच्या चेल्सी क्लबचं बोलावणं नाकारलं आणि २०१५पर्यंत गावच्याच लिव्हरपूलकडून खेळला. २००५ची चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लबांची सर्वात मोठी स्पर्धा) मिळाली, इंग्लिश लीग मात्र कधीच नाही. २०१४मध्ये चेल्सीविरुद्ध त्याचाच पाय घसरला, चेल्सीच्या देंबा बाने गोल केला आणि लीगचा हातातोंडाशी आलेला घास गेला.

लुका मॉड्रिचचं उलट. क्रोएशियातल्या डिनामो झाग्रेब क्लबने त्याला कोवळ्या वयात बोस्नियातल्या धसमुसळ्या लीगमध्ये धाडलं. मग २००८ला इंग्लंडमधला टॉटनहॅम क्लब, २०१२ला स्पेनमधला रेआल माद्रिद. तिथे सुरुवातीला ‘सर्वात वाईट खरेदी’ म्हणून हिणवलं गेलं. नंतर सहा चॅम्पियन्स लीग, शिवाय २०१८चा बॅलन डी’ऑर, म्हणजे जगातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार! नव्या क्लबात स्ट्रायकरला (गोल करणाऱ्या आघाडीच्या खेळाडूला) एखादा गोलही तारतो, मिडफिल्डरला मात्र आधी सहकाऱ्यांच्या धावा ओळखाव्या लागतात, त्याला वेळ लागतो. चषक हवे असतील तर मी परदेशच म्हणेन, फक्त पहिल्या वर्षी शिव्या खायची तयारी हवी.