व्ही४एल२चं सिलेक्शन एपीआय: क्रॉपिंगसाठी मस्त, पण चौकट एकच

व्ही४एल२ (व्हिडिओ फॉर लिनक्स २) म्हणजे लिनक्समध्ये कॅमेरा-व्हिडिओ हाताळायची सोय, आणि तिचं सिलेक्शन एपीआय म्हणजे चित्राचा हवा तो भाग निवडायचे कॉल. लिनक्सवर कॅमेऱ्याचं काम करणाऱ्यांनी हे वापराच. लिनक्स ३.२ मध्ये आलं, त्याआधीच्या जुन्या क्रॉप कॉलपेक्षा खूपच स्वच्छ, कारण सेन्सरमधून कुठला भाग घ्यायचा (क्रॉप) आणि तो बफरमध्ये (चित्र साठवायच्या मेमरीत) कुठे ठेवायचा (कम्पोज) हे वेगळं सांगता येतं. चौकट बरोब्बर नाही जमली तर ड्रायव्हर जवळचं माप परत देतो, ते मात्र वाचायला विसरू नका!

माझी अडचण दुसरीच. मला चित्रातून बाटलीचं वरचं झाकण आणि खालचं लेबल एवढंच हवं, मधलं काहीच नको, आणि सेन्सरला दोन्ही तुकडे वेगवेगळे वाचता येतात, पण एका टार्गेटला (क्रॉप किंवा कम्पोजला) एकच आयत देता येतो. मग ६४० बाय २०० चे दोन तुकडे म्हणजे २,५६,००० पिक्सेल पुरेसे असताना ६४० बाय १०८० ची अख्खी पट्टी, ६,९१,२०० पिक्सेल ओढायचे. बँडविड्थ तर जातेच पण जास्त ओळी वाचायला लागतात म्हणून फ्रेमरेटही पडतो, हे जास्त बोचतं.

एका आयताऐवजी आयतांची यादी आणि संख्या घेतली, जुने प्रोग्रॅम तसेच चालू ठेवले, तर मी पाचपैकी पाच देईन. आत्ता साडेतीन.