स्टेपनी, पंक्चर किट आणि हवेचा पंप : नाशिकच्या आडरस्त्यांवरील वापरानंतरचा अनुभव

नाशिक शहरात पंक्चर ही किरकोळ अडचण असते, कारण द्वारका असो वा गंगापूर रोड, हाकेच्या अंतरावर पंक्चरचे दुकान सापडतेच. पेठ रस्त्याने सावळघाट ओलांडून आतल्या पाड्यांकडे वळल्यावर किंवा ताहाराबाद मागे टाकून मुल्हेर-साल्हेरच्या दिशेला लागल्यावर मात्र दुकानही नसते आणि बऱ्याच वळणांवर मोबाइलला रेंजही नसते. ठिबक सिंचनाच्या कामानिमित्त या दोन्ही भागांत माझे सतत जाणे-येणे असते, म्हणून गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर बारा व्होल्टचा हवेचा पंप, ट्यूबलेस पंक्चर किट आणि लांब दांड्याचा व्हील पाना असे साहित्य घेतले. पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळा असे तिन्ही ऋतू त्याचा वापर झाल्यावर हे लिहीत आहे. गाडी साधी हॅचबॅक असून टायर १८५/६५ आर १५ या मापाचे आहेत.

या सर्वांत पैसे वसूल केले ते पंपाने, आणि तेही पंक्चरपेक्षा रोजच्या हवेमुळे. तापमान पाच-सहा अंशांनी उतरले की टायरमधील दाब साधारण एक पीएसआयने (पीएसआय हे हवेच्या दाबाचे एकक) कमी होतो. निफाडकडे थंडीत पारा एक आकड्यावर येतो, तेव्हा दुपारी पेट्रोल पंपावर बरोबर भरलेली हवा पहाटे तीन-चार पीएसआयने कमी दिसते. अशा टायरने खडीच्या रस्त्यावर गेल्यास टायरची बाजू रिम आणि दगड यांच्यामध्ये चेपली जाते. आता सकाळी गाडी थंड असतानाच घरासमोर हवा तपासतो. वीसवरून तेहतीस पीएसआयपर्यंत जायला पंपाला पाचेक मिनिटे लागतात. आवाज मोठा आहे, आणि काम संपल्यावर नळीच्या टोकाची पितळी जोडणी इतकी तापलेली असते की फडक्याशिवाय धरवत नाही. हवेच्या पंपावरील आकडा पेट्रोल पंपावरच्या मीटरपेक्षा दोन पीएसआय जास्त दाखवतो, हे एकदा ताडून पाहिल्यापासून तेवढा फरक मी हिशेबात धरतो. वापरताना इंजिन चालू ठेवावे, आणि डॅशबोर्डवरील सॉकेटचा फ्यूज किती अँपिअरचा आहे ते खरेदीपूर्वीच पाहावे. तो दहाचा असेल आणि पंप पंधरा अँपिअर ओढणारा असेल, तर बॅटरीला थेट चिमटे लावणारा पंपच घ्यावा.

पंक्चर किटबाबत जाहिरातीत दिसते त्यापेक्षा हाताला जोर अधिक लागतो. खिळा ज्या कोनात शिरला आहे त्याच कोनात पक्कडीने उपसायचा, मग रीमर, म्हणजे भोक खरवडणारा दातेरी दांडा, त्याच भोकातून फिरवत आत-बाहेर करायचा. रेडियल टायरमध्ये रबराखाली पोलादी तारांचा थर असतो आणि रीमर तेथे अडखळतो. तो टप्पा पार झाल्याशिवाय वात, म्हणजे भोक बुजवणारी चिकट रबरी दोरी, आत जात नाही, आणि तारांची टोके बोथट झाली नाहीत तर तीच पुढे वात कापतात. किट घेताना इंग्रजी टी अक्षरासारखी आडवी मूठ असलेलेच घ्यावे. पेचकसासारखी सरळ मूठ तळहातात रुतते आणि जोर लागत नाही. किटमधल्या जाड सुईत वात मधोमध ओवायची, तिची दोन्ही टोके बोटाच्या पेराएवढी बाहेर राहतील इतकीच आत दाबायची आणि सुई न पिळता एका झटक्यात ओढायची. मग हवा भरायची, त्यावर साबणाचे पाणी टाकून बुडबुडे येत नाहीत ना हे पाहायचे आणि उरलेली टोके कापायची. सुरगाणा तालुक्यात बाभळीच्या काट्याने आणि एकदा नांगराच्या तुटक्या नटाने झालेली भोके मी अशीच बुजवली. नाशिकला परतल्यावर दोन्ही टायर आतून पॅच लावून घेतले, कारण वात हा तात्पुरता उपाय आहे, असेच मी मानतो.

उन्हाळ्यात बंद गाडीत हे साहित्य टिकत नाही, हे मात्र कोणी सांगत नाही. एप्रिलपर्यंत वाती एकमेकींना चिकटून त्यांचा गोळा झाला होता आणि एकदा उघडलेली सोल्युशनची (रबर चिकटवण्याच्या द्रावाची) नळी आतून सुकून गेली होती. आता वाती मेणकागदात वेगवेगळ्या गुंडाळतो आणि सोल्युशन दर मोसमाला नवे घेतो; खर्च नगण्य आहे.

पंप आणि किट असताना स्टेपनीचे ओझे कशाला, असा प्रश्न अनेकजण विचारतात. २०२० मध्ये केंद्र सरकारने नियमात बदल करून, ट्यूबलेस टायर, दुरुस्ती किट आणि टायरमधील दाब दाखवणारी यंत्रणा असलेल्या प्रवासी गाड्यांना स्टेपनी न ठेवण्याची मुभा दिली, तेव्हापासून हा प्रश्न वाढला आहे. महामार्गापुरता तो रास्तही असेल. परंतु हरसूल भागात खचलेल्या साइडपट्टीच्या धारदार कडेने माझ्या पुढच्या टायरची बाजू दोन बोटे फाटली, तेथे किटचा काहीही उपयोग नव्हता. वात बुजवते ते जमिनीला टेकणाऱ्या भागातील लहान भोक. बाजूची भिंत सतत वाकत असल्याने तिथे वात टिकत नाही आणि ती लावणेही धोक्याचे आहे. त्या दिवशी स्टेपनीनेच घरी आणले. ती चौदा इंची असून ताशी ८० किलोमीटरची मर्यादा सांगणारा स्टिकर तिच्यावर आहे, त्यामुळे वेग बेताचाच ठेवावा लागला. स्टेपनीतील हवाही महिन्यातून एकदा पाहावी लागते, आणि तिच्यावरील तारखेचे चार अंकही: पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. न वापरलेले रबरही जुने होतेच.

चाक बदलताना सर्वाधिक उपयोगी पडली ती फूटभर लांबीची जाड लाकडी फळी. पावसाळ्यातील तांबड्या चिखलात गाडीसोबत आलेला कात्री जॅक गाडी उचलण्याऐवजी स्वतःच खाली रुतत जातो, आणि फळी ठेवल्यावर तो स्थिर राहतो. नट गाडी उचलण्यापूर्वीच ढिले करावेत आणि समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. दुकानात मशीनने आवळलेले नट गाडीसोबतच्या आखूड पान्याने हलत नाहीत, म्हणून लांब पान्याचा खर्च मला योग्य वाटतो.

टायरमध्ये ओतण्याचे सीलंट मी घेतले नाही. बारीक भोकांवर ते चालते, पण पॅच लावणाऱ्याला टायर आतून आधी धुवावा लागतो आणि तो तसे तोंडावर बोलूनही दाखवतो.

ज्यांच्या डिकीत सीएनजीची टाकी आहे, त्यांनी स्टेपनी बाहेर काढायला किती सामान हलवावे लागते, हे एकदा घराच्या अंगणात करून पाहावे. पंप, किट, फळी, हेडलाइटसारखी डोक्याला बांधायची बॅटरी आणि हातमोजे हे सर्व एका कापडी पिशवीत पुढच्या सीटखाली मावते. अंधारात किंवा पावसात डिकी उपसण्यापेक्षा ते तिथेच असलेले बरे.