टाकी फुल म्हणजे तोंडापर्यंत नाही हो!

खंबाटकी घाटाच्या अलीकडे हायवेवरच्या एका पंपावर डिझेल भरलं. हवा फ्री, बाथरूम बरं, रांग नाही, पण भरणारा पोरगा नोझल आपोआप कट झाल्यावर पण थांबेना, "साहेब राऊंड करतो" म्हणत गाडी हलवून हलवून अजून दोनदा दाबलं आणि फेस वर येऊन डिझेल बंपरवरून खाली. डिझेलला फेस जास्त येतो, उन्हात ते फुगतंही, म्हणून वर जागा लागतेच. पेट्रोलसारखं पटकन उडून पण जात नाही, मागून आलेला बाईकवाला घसरता घसरता वाचला. सांगितल्यावर वाळू टाकली, तीही दोनच मुठी. बूट अजून वास मारतायत. 2 स्टार, तेही हवेसाठी.