कंपनीचं बिल्ट-इन नॅव्हिगेशन की फोन जोडून मॅप? नागपुरात दोन्ही वापरून झाल्यावरचं मत

नवीन गाडी बुक करून राहिले असाल आणि वरच्या व्हेरियंटमधे कंपनीचं नॅव्हिगेशन येते म्हणून तिथेच अडकले असाल, तर हे तुमच्यासाठी. माझी आधीची गाडी बिल्ट-इन नॅव्हिगेशनवाली होती. आता घेतली तिच्यात मुद्दाम ते नसलेला व्हेरियंट घेतला, अँड्रॉइड ऑटो आणि कारप्लेवर भागवतो, म्हणजे फोन गाडीला जोडायचा आणि फोनचाच मॅप गाडीच्या स्क्रीनवर पाहायचा. स्क्रीन किती इंचाची, वायरलेस आहे का वायरवाली, ते ब्रोशरमधे असतेच, त्यात मी जात नाही.

आधी बिल्ट-इनची बाजू सांगतो, कारण हल्ली त्याला नावं ठेवायची फॅशन झाली आहे आणि ते काही खरं नाही. एक म्हणजे ऊन. आपल्याकडे २३ मे २०१३ ला पारा ४७.९ वर गेला होता, आणि मे २०२४ मधे तर एका स्वयंचलित केंद्रानं ५६ दाखवून देशभर बातम्या करून टाकल्या, मग हवामान खात्यानं सेन्सरच बिघडला होता म्हणून सांगितलं. ते ५६ सोडा, पण साधे ४५ असले तरी काचेला चिकटवलेल्या होल्डरमधला फोन टिकत नाही. आधी ब्राइटनेस आपोआप उतरते, मग चार्जिंग थांबते, आणि मग फोन म्हणतो की मला थंड होऊ द्या. अ‍ॅपलवाले तर स्वतःच लिहितात की आयफोन ० ते ३५ अंशांत वापरा, आता नागपुरात एप्रिल-मे मधे दुपारी ३५ कुठून आणायचे? अँड्रॉइड ऑटो असलं की फोन उन्हात ठेवावा लागत नाही हे खरं, पण वायरलेस चालू आणि त्याच वेळी वायरलेस चार्जरवर ठेवला तर तिथेही तो तापतोच. मी आता वायरनेच लावतो आणि फोन एसीच्या झोताजवळ ठेवतो. गाडीची स्वतःची स्क्रीन मात्र या बाबतीत दगड आहे, तिला काही होत नाही.

दुसरं म्हणजे बाण उड्या मारत नाही. बिल्ट-इनला चाकं किती फिरली आणि गाडी किती वळली हे गाडीच्या सेन्सरवरून कळते, त्यामुळे सॅटेलाइट थोडा वेळ दिसला नाही तरी ते अंदाजानं पुढे नेते. मेट्रोच्या पुलाखालून जाताना याचा फरक मला तरी जाणवायचा, फोनचा बाण मधेच शेजारच्या गल्लीत जाऊन उभा राहतो, गाडीतला बाण आपल्या रस्त्यावरच असायचा. काही गाड्या ही माहिती अँड्रॉइड ऑटोला पण देतात म्हणे, त्यामुळे हा फायदा गाडीनुसार कमी-जास्त होऊ शकतो.

पण डबल डेकर पुलावर दोघंही सारखेच. वर्धा रोडचा ३.१४ किलोमीटरचा, जो गिनीज बुकात गेला, तिथे वर मेट्रो, मधे उड्डाणपूल आणि खाली जुना रस्ता. वरून पाहिलं तर सगळं एकाच रेषेत, आणि जीपीएसला उंची नीट कळत नाही, तर बिचारं करेल काय. चढायचं की खालूनच जायचं हे शेवटी बोर्ड वाचूनच ठरवा. फोनमधे एक बरं आहे, गूगलनं जुलै २०२४ पासून भारतातल्या ४० शहरांसाठी उड्डाणपुलावर चढा असं आधी सांगायची सोय आणली. बिल्ट-इनमधे हे मॅप कोणाचा आणि किती ताजा यावर आहे.

आणि ताजेपणाचं म्हणाल तर तिथे माझी जुनी गाडी सपशेल मागे. कामठी रोडचा एलआयसी चौक ते ऑटोमोटिव्ह चौक हा ५.६७ किलोमीटरचा पूल ऑक्टोबर २०२४ मधे सुरू झाला. फोनला तो लवकरच कळला, गाडीला कळवायचा तर मॅपची फाइल लॅपटॉपवर घ्या, पेनड्राइव्हमधे टाका, गाडी चालू ठेवून लावा आणि पट्टी सरकण्याची वाट पाहत बसा. समृद्धी महामार्गाचं पण तसंच, ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी उघडला, आणि अपडेट न केलेल्या मॅपवर आमची गाडी शिवमडक्यापासून, म्हणजे समृद्धी सुरू होते तिथपासूनच, सरळ शेतातून चाललेली. समृद्धीवर हे नुसतं गमतीचं नाही, तो बंदिस्त रस्ता आहे, ७०१ किलोमीटरमधे इंटरचेंज, म्हणजे चढा-उतरायच्या जागा, २४, एक सुटला की पुढच्यापर्यंत गुपचूप जावं लागते. नवीन गाड्यांत अपडेट हवेतून, म्हणजे थेट इंटरनेटवरून येतात, ते चांगलं आहे, पण शोरूममधे विचारा की किती वर्षं फुकट आणि नंतर काय. याचं उत्तर मला दोन ठिकाणी दोन वेगवेगळं मिळालं.

नेटवर्कचा मुद्दा सेल्सवाले फार ताणतात. चिखलदऱ्याला, सेमाडोहकडे, पेंचच्या जंगलात नेटवर्क जाते, तेव्हा बिल्ट-इनच कामी येते वगैरे. अर्धं खरं आहे. जीपीएसला नेटवर्क लागतच नाही, लागते ते नकाशाला, आणि तो तेवढा भाग घरच्या वायफायवर फोनमधे उतरवून घेतला की जंगलातही वळणं बरोबर सांगते. ट्रॅफिक दिसत नाही, पण सेमाडोहला ट्रॅफिक कशाचं पाहायचं आहे, सांबरांचं? फक्त उतरवायचं लक्षात ठेवावं लागते, आणि ते बहुतेकांना परतवाड्याच्या पुढे गेल्यावर आठवते.

आता ज्याच्यामुळे माझं ठरलं ते सांगतो, आणि ते वर सांगितलेल्यापैकी काहीच नाही.

मला जिथे जायचं असते तिथला पत्ता मला कोणी देतच नाही. लोकेशन टाकतात. "काका, लोकेशन टाकलं बघा व्हॉट्सअ‍ॅपवर, या सरळ." झालं. लग्नाच्या पत्रिकेवर लॉनचं नाव आणि खाली क्यूआर कोड, इलेक्ट्रिशियन लोकेशन मागतो, सासरचे नवीन फ्लॅटमधे गेले तर त्यांनी पण लोकेशनच पाठवलं. हे फोनमधे एका टचचं काम आहे. आणि माझ्या त्या गाडीत? फोनवर पिन, म्हणजे ते पाठवलेलं लोकेशन, उघडायची, आजूबाजूचं ओळखीचं नाव शोधायचं, मग गाडीच्या स्क्रीनवर एकेक अक्षर दाबत ते टाइप करायचं. वाठोड्याला डब्ल्यू लावायचा की व्ही, मानेवाड्यात शेवटी डी की आर, वर्धमान नगर डब्ल्यूनं का व्हीनं, बोर्डांवर दोन्ही असते, आणि मॅपमधे जे असेल त्याहून एक अक्षर इकडेतिकडे झालं की रिझल्ट नाही. मागून बायको म्हणते, "अहो, फोनवर लावा ना," आणि तिचं बरोबरच असते.

बरं, पत्ता मिळाला तरी आपले पत्ते कसे असतात ते पाहा. प्लॉट नंबर अमुक, अमुक गृहनिर्माण संस्थेचा ले-आउट, पाण्याच्या टाकीमागे, बेसा रोड. बेसा, मनीष नगर, हुडकेश्वर, सगळीकडे हेच. रस्त्यांना नावं नाहीत, प्लॉटचे नंबर ले-आउटनुसार पुन्हा १ पासून सुरू, आणि गजानन नगर नाहीतर साई नगर शहरात किती आहेत ते मोजून कोणी सांगावं. गाडीतल्या नॅव्हिगेशनची सगळी रचना रस्ता आणि घर नंबर या हिशोबानं केलेली, आपल्या ले-आउटला ती बसत नाही. म्हणून तर लोकांनी पिन पाठवणं सुरू केलं ना. मग जे नॅव्हिगेशन पिनच घेत नाही ते मला चौकापर्यंत फार छान, सेन्सर-बिन्सर लावून, न तापता नेणार, आणि शेवटच्या अर्ध्या किलोमीटरला मी पुन्हा फोन काढून "भाऊ, पाण्याच्या टाकीपाशी उभा आहे, आता कुठून?" असं विचारणार.

आता न्याय करायचा तर, नव्या कनेक्टेड गाड्यांत कंपनीच्या अ‍ॅपमधून ठिकाण गाडीला पाठवता येते. माझ्या साळ्याच्या गाडीत आहे, आम्ही करून पाहिलं. कधी जाते, कधी तो अ‍ॅप पुन्हा लॉगिन मागते, आणि पिन शेअर करून मग अ‍ॅप निवडा, मग पाठवा, मग स्क्रीनवर होकार द्या, एवढं करेपर्यंत फोन केबलला लावून आपण छत्रपती चौक ओलांडलेला असतो. तुमच्या गाडीत हे सुरळीत चालत असेल तर माझा मुद्दा बराचसा गळाला असं समजा.

फोनवाल्या मॅपचे त्रास पण आहेत, झाकत नाही. दोन मिनिटं वाचवायला तो महालच्या नाहीतर इतवारीच्या अशा बोळात घालतो की समोरून मालाचा ठेला आला की रिव्हर्सच घ्यावा लागते. बिल्ट-इन जरा सभ्य, मोठ्या रस्त्यानं नेते, उशिरा का होईना. केबल ढिली झाली की स्पीड ब्रेकरवर कनेक्शन तुटते, आणि नेमकं वळण्याच्या आधी. चांगली केबल घेतल्यावर माझं हे जवळपास थांबलं. आणि फोन घरी विसरलात तर तुम्ही आणि तुमचा अंदाज.

ज्यांची बदली गडचिरोलीकडे आहे, रोज भामरागड-एटापल्लीकडचे रस्ते आहेत, किंवा वडील चालवणार आहेत आणि त्यांना फोन जोडण्याची कटकट नको, त्यांनी बिल्ट-इन घेतलं तर मी नाही म्हणणार नाही. बाकी कॅमेरा, सनरूफ, व्हेंटिलेटेड सीट यासाठी वरचा व्हेरियंट घेतच असाल तर त्याच्यासोबत नॅव्हिगेशन येईल तेही चालेल, सीट तर आपल्या उन्हाळ्यात पैसे वसूल करून देते. पण फक्त नॅव्हिगेशनसाठी वर चढायचं असेल तर मी तरी ते पैसे चांगल्या टायरात नाहीतर सनफिल्म-इन्शुरन्समधे टाकीन. सनफिल्म नियमात बसणारी बघून लावा, नाहीतर चौकात वेगळं बोलणं होते.

टेस्ट ड्राइव्हला जाल तेव्हा एक करा. घरून निघताना बेसा नाहीतर हुडकेश्वरकडच्या एखाद्या नातेवाइकाला लोकेशन टाकायला सांगा. शोरूममधे पोचलात की तो मेसेज सेल्सवाल्याला दाखवा आणि म्हणा, फोन न जोडता हे तुमच्या स्क्रीनवर लावून द्या. त्याला किती वेळ लागते ते बघत बसा, मग व्हेरियंटचं बोला.