माझदा एमएक्स-५ ‘थर्टिएथ अ‍ॅनिव्हर्सरी’ : काही महिने चालवल्यावर, यातलं ‘लिमिटेड’ नक्की किती?

सिग्नलला थांबलं की शेजारच्या गाडीतून हटकून एकच प्रश्न येतो : कितवी? वेग नाही, किंमत नाही, थेट नंबर. गाडीच्या बाजूला एक छोटा बिल्ला आहे, त्यावर क्रमांक आहे आणि अख्ख्या जगासाठी या गाड्या केल्या ३,०००. गेल्या उन्हाळ्यात मी ती न्यू जर्सीत सेकंडहँड घेतली, तेव्हा मलाही त्या बिल्ल्याचं अप्रूप होतंच. हिवाळा गॅरेजमध्ये काढून (इथे रस्त्यावर मीठ टाकतात, अशी गाडी त्यात घालायची नाही) वसंतात पुन्हा बाहेर काढली. आता नवेपण ओसरलंय, तेव्हा लिहायला हरकत नाही.

आधी पार्श्वभूमी थोडक्यात. पहिली मियाटा (एमएक्स-५ चं अमेरिकेतलं नाव) १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये दाखवली होती. तीस वर्षांनी, २०१९ मध्ये, त्याच शोमध्ये ही नारिंगी गाडी उभी केली. अमेरिकेच्या वाट्याला ५०० आल्या आणि त्या काही तासांतच बुक झाल्या. मागणी पाहून अमेरिकेचा कोटा वाढवून ६४३ केला. आता ५०० ची ६४३ झाली तर ती लिमिटेड कसली, असं कोणी म्हणेल. माझ्या मते इथे फारसं बिघडलं नाही, कारण जगाचा आकडा तीन हजारच राहिला. वाटणी बदलली, एवढंच. आकडा फुगवणं म्हणजे काय ते पाहायचं तर फेरारीची एफ४० पाहा. सुरुवातीला चारशेच्या आसपास काढायचा बेत होता, निघाल्या तेराशेच्या वर. नवी फोर्ड जीटीही दोन वर्षांत ५०० असं म्हणत सुरू झाली आणि पुढे १,३५० पर्यंत गेली. दोन्ही गाड्या जबरदस्तच, पण सुरुवातीचा आकडा ऐकून ज्यांनी चेक फाडले त्यांना काय वाटलं असेल!

आता चालवण्याबद्दल. ही गाडी नेहमीच्या एमएक्स-५ पेक्षा तसूभरही जास्त वेगवान नाही. तेच दोन लिटरचं इंजिन, १८१ हॉर्सपॉवर, साडेसात हजार आरपीएमपर्यंत पळणारं. टप हातानेच उघडायचा, बसल्या जागेवरून, दोन सेकंदांचं काम. वजन अकराशे किलोच्या आत, त्यामुळे साध्या वळणावरही गाडी अंगाला घातल्यासारखी वाटते. गिअरचा दांडा मनगटाच्या एका झटक्यात जागेवर पडतो. कंटाळा आला की मी उगाच एक गिअर खाली घेतो, काही कारण नसताना. डिकीत दोन हँडबॅगा बसतात, तिसरीला मांडीवर घ्यावं लागतं. एका मित्राचे वडील पुण्याहून आले होते, त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, “अरे, एवढे पैसे मोजलेस आणि मागे बसायला जागाच नाही?” यावर काय बोलणार.

पुढचे ब्रेम्बोचे ब्रेक, रिकारोच्या सीट, बिल्स्टीनचे शॉक अब्सॉर्बर हे सगळं या गाडीत आहे आणि छान आहे. रिकारो लांबच्या प्रवासात कंबर धरून ठेवते. माझी कंबर तिच्या मापाची आहे हे नशीब. पण खरी गोम इथेच आहे. हे तिन्ही एमएक्स-५ च्या नेहमीच्या ‘क्लब’ मॉडेलवरही पॅकेज घेऊन मिळत होते, रंग मात्र दुसरा. मग या आवृत्तीची म्हणून खास उरलं काय? रेसिंग ऑरेंज हा रंग, त्याच रंगाचे ब्रेक कॅलिपर आणि आतली शिलाई, रेझ कंपनीबरोबर खास बनवलेल्या सतरा इंची फोर्ज्ड (दाबून घडवलेल्या) रिम आणि तो बिल्ला.

रिम किती खास आहेत हे मार्चमध्ये कळलं. बर्फ वितळला की इथले रस्ते कसे फुटतात ते न्यू जर्सीकरांना सांगायला नको. एका खड्ड्यात पुढचं चाक गेलं आणि रिम वाकली. फोर्ज्ड असल्यामुळे तडकली नाही. मग शोधाशोध. नवी रिम लगेच मिळेना, जुनी विकणारे ज्या किमती सांगत होते त्या ऐकून मी फोन ठेवला. शेवटी रिम सरळ करणारा एक कारागीर सापडला, त्याने काम चांगलं केलं. तोवर मी नेहमीच्या एमएक्स-५ च्या जुन्या रिम लावून फिरलो. चार बोल्टच्या आहेत, सहज बसतात. चालवताना फरक? मला तरी जाणवला नाही. सिग्नलवरच्या लोकांना मात्र जाणवला, दोघांनी विचारलं, “ओरिजिनल कुठे गेल्या?”

रंगाचंही तसंच. दगड उडून बॉनेटवर टवका उडाला की टच-अप करता येतं, पण अख्खं पॅनेल रंगवायची वेळ आली तर शेजारच्या पॅनेलशी छटा जुळवायला पेंटरचा कस लागतो. अशा गाडीला नेहमीचा विमा पुरत नाही. गेली तर बाजारभावाने साध्या मियाटाचे पैसे हातावर ठेवतील. किंमत आधीच ठरवून घेणारा विमा काढला, त्यात रोज ऑफिसला न्यायची नाही आणि बंद गॅरेजमध्ये ठेवायची, या अटी आल्या. म्हणजे ‘लिमिटेड’ असण्याचा खर्च चालवताना होत नाही, दुरुस्तीत आणि कागदावर होतो.

मग खरी लिमिटेड कोणती? माझ्यासाठी बीएमडब्ल्यूची ई३० एम३ स्पोर्ट इव्होल्यूशन. ग्रुप ए, म्हणजे शोरूमच्या गाड्यांवर बेतलेल्या रेसिंगच्या नियमात सुधारित आवृत्तीच्या ५०० गाड्या बनवणं सक्तीचं होतं, म्हणून त्यांनी ६०० बनवल्या. अडीच लिटरचं वेगळं इंजिन, पुढे-मागे कोन बदलता येणारे स्पॉयलर. आकडा मार्केटिंगवाल्यांनी नाही, रेसने ठरवला, आणि त्या ६०० सोडल्या तर ती गाडी दुसऱ्या कुठल्या एम३ मध्ये मिळत नव्हती. याच्या उलट पोर्शची २०१६ ची ९११ आर. ९९१ गाड्या, हातचा गिअर, मागे मोठा विंग नाही. लोकांनी मूळ किमतीच्या कित्येक पट मोजले. पुढच्याच वर्षी ९११ च्याच जीटी३ मॉडेलमध्ये हातचा गिअर परत आला, विंगशिवायचं टूरिंग पॅकेजही आलं, तेही आकड्याच्या मर्यादेशिवाय. आणि आरचे भाव उतरले. पोर्शने ९९१ चा शब्द पाळला होता, तरीही. म्हणून मी आता बिल्ल्यावरच्या आकड्याआधी पाहतो, की यातलं काय पुढच्या वर्षी कोणालाही शोरूममध्ये मिळेल.

त्या मापाने माझी गाडी मधली. आकडा पाळलाय, पण यंत्र सगळं नेहमीचंच. ज्यांना फक्त चालवायचीय त्यांनी क्लब घ्या, पैसे वाचवा, टायरला घाला. नारिंगीच हवी असेल तर बघायला जाताना रंगाची जाडी मोजायचं यंत्र बरोबर न्या, चारही रिम मूळच्या आहेत का ते आतल्या बाजूने तपासा आणि बिल्ल्यावरचा क्रमांक जुन्या मालकाच्या कागदांशी जुळवून घ्या.